वाचकांचे प्रश्न : उपचार अर्ध्यावर असताना केलेला पेट-स्कॅन

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. कर्करोगाची केमोथेरपी चालू असतानाच डॉक्टर पेट-सीटी स्कॅन का सांगतात, तो कधी करावा आणि त्याच्या रिपोर्टातून काय घ्यावे, असे वाचकांना विचारायचे आहे. पत्रे संक्षिप्त करून आणि ओळख पटेल असा तपशील गाळून उत्तरे देत आहे. काहींनी रिपोर्टची छायाप्रत पाठवून औषध बदलावे का असे विचारले आहे. त्याचे उत्तर मासिकातून देता येत नाही, त्यासाठी सगळी फाइल आणि रुग्ण दोन्ही समोर असावे लागतात.

प्रश्न (फोंडा) : माझ्या २६ वर्षांच्या धाकट्या भावाला हॉजकिन लिंफोमा (लसिकाग्रंथींचा एक कर्करोग) झाला आहे. एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोच्या सहापैकी दोन सायकल (फेऱ्या) झाल्या आणि मानेतली गाठ आता हाताला लागतही नाही. तरी डॉक्टरांनी पुन्हा पेट-स्कॅन सांगितला आहे. सगळी केमो संपल्यावर एकदाच केला तर चालणार नाही का? खर्चही काही कमी नाही.

उत्तर : तुमच्या भावाच्या आजारात हा दुसरा स्कॅन शेवटच्या स्कॅनपेक्षाही अधिक मोलाचा असतो, तेव्हा तो टाळू नये.

पेट-स्कॅनच्या वेळी शिरेतून एफडीजी नावाचे द्रव्य देतात. ती ग्लुकोजसारखी साखरच असते, फक्त तिला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. बहुतेक कर्कपेशी साखर अधाशीपणे ओढून घेतात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवून दिले होते. पेशी एफडीजी आत घेते आणि तिच्यावर पहिली प्रक्रियाही करते, पण ही साखर खऱ्या ग्लुकोजसारखी पुढे जाळता येत नसल्यामुळे ती पेशीतच अडकून पडते. फ्लोरिनच्या अणूतून निघालेला पॉझिट्रॉन शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनी बाहेर पडतात, यंत्रातले कडे ते दोन्ही टिपते आणि साखर कोठे किती साठली आहे याचा नकाशा तयार होतो. सोबतच्या सीटीमुळे ती जागा शरीरात नेमकी कोठे आहे ते कळते. औषध लागू पडले की पेशींची साखर ओढण्याची क्रिया आधी मंदावते. पेशी मरणे, शरीराने त्यांचा निचरा करणे आणि गाठ आकसणे हे सगळे त्यानंतर काही आठवड्यांनी होते. हॉजकिनच्या गाठीत तर प्रत्यक्ष कर्कपेशी फार थोड्या असतात, बाकीचा भाग दाहाच्या पेशींचा आणि तंतूंचा असतो, त्यामुळे रोग गेल्यावरही छातीत गाठीचा अवशेष दिसत राहू शकतो. उलट बोटांना गाठ लागत नाही म्हणून आतला रोग विझला, असेही म्हणता येत नाही.

दोन सायकलनंतरच का, याचे उत्तर इटली आणि डेन्मार्कमधील २६० रुग्णांच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. एबीव्हीडीच्या दोन सायकलनंतर ज्यांचा पेट निर्मळ होता त्यांच्यापैकी ९५ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर रोग न वाढता राहिले. ज्यांच्या स्कॅनमध्ये तेव्हाही ठिपके चमकत होते त्यांच्यात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होते. आजाराची अवस्था, वय, रक्ताचे निकाल यांपैकी कशानेही एवढा स्पष्ट फरक दाखवला नव्हता. मग साहजिकच या उत्तरावरून उपचार बदलून पाहण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या राथल चाचणीत पेट निर्मळ आलेल्या रुग्णांच्या एका गटाला तिसऱ्या सायकलपासून एबीव्हीडीतील ब्लिओमायसिन हे औषध वगळून बाकीची देण्यात आली. तीन वर्षांनंतर रोग न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण ब्लिओमायसिन चालू ठेवलेल्या गटात ८५.७ टक्के आणि ते बंद केलेल्या गटात ८४.४ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. फुप्फुसांचा त्रास मात्र दुसऱ्या गटात कमी झाला. ज्यांचा पेट निर्मळ नव्हता त्यांना अधिक तीव्र औषधे देण्यात आली. ब्लिओमायसिन फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, म्हणून २६ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते चार महिने आधी थांबणे ही लहान गोष्ट नाही.

रिपोर्टात ‘डोव्हिल’ असा शब्द आणि पुढे १ ते ५ पैकी एक आकडा असेल. ठिपक्याची चमक छातीच्या मध्यभागातील रक्ताच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडून हा आकडा ठरतो. १ म्हणजे काहीच चमक नाही, ३ म्हणजे छातीतील रक्तापेक्षा जास्त पण यकृताइतकी किंवा त्याहून कमी, ५ म्हणजे यकृतापेक्षा पुष्कळच जास्त किंवा नवी जागा. साधारणपणे ३ पर्यंतचा निकाल चांगला धरतात. हा स्कॅन तिसरी सायकल सुरू होण्याच्या अगदी तोंडावर करावा, कारण केमोनंतर लगेच केला तर औषधाने उठलेला दाहच चमकतो. मधल्या काळात पांढऱ्या पेशी वाढवण्याची इंजेक्शने घेतली असतील तर तेही सांगावे. त्यांमुळे हाडांतील मज्जा सगळीकडे चमकते आणि घरची मंडळी नुसत्या चित्राने घाबरून जातात.

प्रश्न (वास्को) : माझ्या बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे, शस्त्रक्रियेआधी केमो चालू आहे. तिच्या डॉक्टरांनी मधला पेट सांगितलेला नाही. आम्ही स्वतःहून मागून घ्यावा का?

उत्तर : मागण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : ‘रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही नेमके काय बदलाल, आणि चांगला आला तर काय कमी कराल?’ दोन्हींचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर पैसे आणि किरणे दोन्ही वाचवावेत. मी हे आडमुठेपणाने म्हणत नाही. हॉजकिनमध्ये जे सिद्ध झाले ते प्रत्येक कर्करोगात झालेले नाही. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा हा हॉजकिनचा जवळचा नातलग म्हणता येईल, पण जर्मनीतील पेटल चाचणीत मधला पेट वाईट आलेल्या रुग्णांना अधिक जहाल केमो देऊनही फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला. स्तनाच्या कर्करोगात हर-टू पॉझिटिव्ह प्रकाराबाबत (कर्कपेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असते तो) आशादायक काम झाले आहे : फेरगेन चाचणीत केमोविना केवळ हर-टूविरोधी औषधांच्या दोन सायकल देऊन पेट केला, आणि ज्यांच्या गाठीची चमक ४० टक्के किंवा अधिक उतरली त्यांना केमोशिवायच पुढे नेण्याचा प्रयत्न झाला. त्याचे निकाल चांगले आहेत, पण तो ठरवून आखलेल्या उपचारक्रमाचा भाग होता; चालू केमोच्या मध्येच एखादा स्कॅन घुसवणे ही वेगळी गोष्ट आहे. स्तनाचा लोब्युलर प्रकार एफडीजी तुलनेने कमी ओढतो, तेही ध्यानात असू द्या. तुमच्या बहिणीची गाठ हाताने मोजून आणि सोनोग्राफीने पाहून डॉक्टर प्रतिसादाचा अंदाज घेत असतील, तर त्यात उणे काही नाही.

प्रश्न (म्हापसा) : आईच्या जठरात जिस्ट नावाची गाठ आहे. इमॅटिनिबची गोळी सुरू होऊन दीड महिना झाला. सीटीत गाठ तेवढीच, किंबहुना किंचित मोठी दिसते. पेटमध्ये मात्र एसयूव्ही ११ वरून २.५ वर आल्याचे लिहिले आहे. एक रिपोर्ट खरा मानला तर दुसरा खोटा ठरतो. कोणता खरा?

उत्तर : दोन्ही खरे आहेत. आपल्याकडे गावोगावी लंडनला किंवा पोर्तुगालला गेलेल्या कुटुंबांची बंद चिरेबंदी घरे दिसतात. रस्त्यावरून पाहिले तर घर होते तसे आणि तेवढेच असते. आत माणसे राहत नाहीत हे विजेच्या बिलावरून कळते. सीटी घर मोजतो, पेट बिल पाहतो. जिस्टमध्ये हा फरक फारच ठळकपणे दिसतो : गोळी लागू पडली तर साखरेची ओढ काही दिवसांतच, कधी तर एका दिवसातच उतरते, आणि गाठीचा आकार मात्र काही महिने तसाच राहतो. मेलेल्या भागात पाणी साठले किंवा थोडा रक्तस्राव झाला तर गाठ तात्पुरती फुगतेही.

या आजाराने डॉक्टरांनाही मोजण्याच्या पद्धतीचा फेरविचार करायला लावला. गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के कमी झाली तर प्रतिसाद आणि २० टक्के वाढली तर रोगवाढ, हा २००० साली ठरलेला रेसिस्ट नावाचा निकष आजही सर्वाधिक वापरला जातो. तो जिस्टला जसाच्या तसा लावला तर तुमच्या आईसारख्या रुग्णांची चांगली चाललेली गोळी बंद पडेल. म्हणून जिस्टसाठी चोई निकष आले. त्यांत आकार १० टक्के घटला किंवा सीटीवरची गाठीची घनता १५ टक्के घटली तरी प्रतिसाद मानतात. आईच्या सीटीच्या रिपोर्टात घनतेचा उल्लेख नसेल, तर तो मोजून देण्याची विनंती अवश्य करा. त्यासाठी नवा स्कॅन लागत नाही, जुन्याच प्रतिमांवर मोजता येते.

आता एसयूव्हीविषयी. टोचलेले द्रव्य सगळ्या शरीरात अगदी समान पसरले असते तर प्रत्येक ठिकाणी हा आकडा १ आला असता. गाठीत ११ म्हणजे त्या सरासरीच्या अकरा पट साठा. हा आकडा वजन, रक्तातील साखर, इंजेक्शन आणि स्कॅन यांमधला वेळ, यंत्राचा प्रकार या सगळ्यांनी हलतो. इंजेक्शननंतर ६० मिनिटांऐवजी ९० मिनिटांनी स्कॅन घेतला तर बहुतेक गाठी जास्त चमकताना दिसतात, रोग वाढलेला नसला तरी. म्हणूनच २००९ साली मांडलेल्या पर्सिस्ट निकषात किमान ३० टक्के उतार असल्याशिवाय प्रतिसाद धरत नाहीत. ११ वरून २.५ हा उतार त्याच्या कितीतरी पलीकडचा आहे. पण ११ वरून ९ असता, किंवा पहिला स्कॅन बेळगावला आणि दुसरा मुंबईला वेगळ्या यंत्रावर झालेला असता, तर मी त्या आकड्यावर एवढा विसंबलो नसतो. होता होईल तो दोन्ही स्कॅन एकाच केंद्रात करावेत.

प्रश्न (सांखळी) : वडिलांच्या घशाच्या कर्करोगासाठी केमो आणि रेडिएशन दोन्ही झाले. शेक संपून तीन आठवडे झाले. पुण्यातील नातेवाईक म्हणतात, ताबडतोब पेट करून घ्या. इथले डॉक्टर बारा आठवडे थांबायला सांगतात. एवढा वेळ घालवणे धोक्याचे नाही का?

उत्तर : थांबा. इथे लवकर केलेला स्कॅनच धोक्याचा आहे, कारण रेडिएशनने भाजलेल्या पेशींमधला दाह आठवडेच्या आठवडे टिकतो, दाहाच्या पेशीही साखर ओढतात आणि मग नसलेल्या रोगासाठी बायोप्सी किंवा मानेची शस्त्रक्रिया पदरी येते. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पेट-नेक चाचणीत एका गटाची ठरल्याप्रमाणे मानेच्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या गटाचा उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून गरज असेल तेव्हाच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.५ टक्के, दुसऱ्यात ८४.९ टक्के होते. शस्त्रक्रिया मात्र पहिल्या गटात २२१ आणि दुसऱ्यात अवघ्या ५४ झाल्या. बारा आठवड्यांचा हा वायदा आळसातून आलेला नाही. दरम्यान नवी गाठ आली, गिळणे अचानक बिघडले किंवा रक्त पडले, तर मात्र स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न (पेडणे) : यजमानांना फुप्फुसाचा कर्करोग आहे, इम्युनोथेरपी चालू आहे. त्यांना बरे वाटते, खोकला कमी आहे, जेवतातही. तरी रिपोर्टात गाठ वाढल्याचे आणि छातीत नव्या ग्रंथी चमकत असल्याचे लिहिले आहे.

उत्तर : इम्युनोथेरपी कर्कपेशींना थेट मारत नाही, ती शरीराच्याच संरक्षक पेशींना मोकळीक देते. त्या पेशी गाठीत घुसल्या की गाठ काही काळ मोठी दिसू शकते आणि त्या स्वतःही साखर ओढत असल्यामुळे अधिक चमकते. यासाठी २०१७ साली आयरेसिस्ट नावाचे निकष ठरवण्यात आले. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर पहिल्या वाढीवर लगेच निर्णय न घेता ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करावी, असे ते सांगतात. मात्र ही फसवी वाढ विरळाच आढळते, बहुतेक वेळा वाढ ही वाढच असते, तेव्हा ‘इम्युनोथेरपीत असे होतच असते’ असा दिलासा कोणी सरसकट देऊ लागले तर तो मनावर घेऊ नका.

नव्या ग्रंथींबाबत आणखी एक शक्यता भारतात विसरून चालत नाही, ती म्हणजे क्षयरोग. क्षयाच्या ग्रंथी पेटमध्ये कर्करोगाइतक्याच झगझगीत चमकतात आणि नुसत्या चित्रावरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. सुईने नमुना घेऊन तपासणे हाच खात्रीचा मार्ग. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली असेल तर ती वेळकाढूपणा समजू नये.

प्रश्न (कुडचडे) : प्रोस्टेटसाठी वडिलांचा पीएसएमए स्कॅन झाला होता. हार्मोनचे इंजेक्शन सुरू होऊन तीन आठवडे झाले, आता पुन्हा तोच करून पाहावा का?

उत्तर : इतक्या लवकर नको. हा स्कॅन साखर पाहत नाही, प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन पाहतो, आणि हार्मोन-उपचाराच्या सुरुवातीला ते प्रथिन पेशींवर उलट वाढू शकते. म्हणजे औषध लागू पडत असतानाही चित्र बिघडल्यासारखे दिसेल. या टप्प्यावर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी, पुरेशी आहे.

प्रश्न (काणकोण) : सासूबाईंना मधुमेह आहे. पेट-स्कॅनसाठी त्यांना घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे आहे. काय काळजी घ्यावी? घरी आठ महिन्यांचे बाळ आहे, त्याला किरणांचा त्रास होईल का?

उत्तर : अपॉइंटमेंटची वेळ तंतोतंत पाळा, ही पहिली गोष्ट. फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते, साडेपाच तासांत आठवा हिस्सा उरतो. त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही आणि रोज सायक्लोट्रॉनमध्ये ताजे बनवावे लागते. (भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली आला.) तुमच्या नावाची मात्रा त्या वेळेच्या हिशेबाने आलेली असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्यांना उशीर होतो, म्हणून त्याच सकाळी उतरून थेट स्कॅनला जाण्यापेक्षा आदल्या दिवशी पोचणे बरे.

स्कॅनआधी सहा तास पाण्याशिवाय काही घेऊ नये. पेज नको, दुधाचा चहा नको, तोंडात खडीसाखर किंवा बडीशेपही नको. रक्तातील साखर २०० च्या आत असावी लागते, जास्त निघाली तर स्कॅन पुढे ढकलतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी चमकतात, म्हणून काही केंद्रे ते ४८ तास आधी थांबवायला सांगतात, आणि इन्सुलिन अवेळी घेतले तर साखर स्नायूंत ओढली जाते व गाठ फिकी दिसते. तेव्हा या दोन्हींची वेळ त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडून आणि केंद्राकडून लिहून घ्यावी, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. आदल्या दिवशी सामान उचलणे, जिने चढणे, लांब चालणे टाळावे, कारण दमलेले स्नायूही चमकतात. वातानुकूलित डब्यात शाल पांघरून बसावे. थंडीने मानेजवळची एक प्रकारची चरबी जागी होते आणि नेमक्या ग्रंथींच्या जागी चमकून गोंधळ घालते. इंजेक्शननंतर सुमारे तासभर स्वस्थ पडून राहावे लागते. त्या वेळात फोनवर बोलणेसुद्धा नको, बोलण्याने स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. स्कॅनच्या आधी लघवी करून यावे.

किरणांचे म्हणाल तर १० मिलिक्युरी एफडीजीमधून सुमारे ७ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचे माप) मिळतात, सीटीचे त्याहून वेगळे. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाकाठी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. हा भार अगदी नगण्य नाही, पण ज्या आजारासाठी तो पत्करायचा त्याच्या मानाने थोडा आहे. बाळाला सासूबाईंनी त्या दिवशी मांडीवर घेऊ नये. गाडीने घरी पोचेपर्यंत द्रव्य जवळजवळ संपलेलेच असेल, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खुशाल घ्यावे. मध्यंतरी पाणी भरपूर प्यावे.

जाताना आधीच्या स्कॅनचा नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, सीडीही न्या, कारण रिपोर्ट लिहिणाऱ्याला जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवून तुलना करायची असते. शेवटच्या केमोची तारीख, रेडिएशन कधी संपले, मध्ये ताप, लस किंवा शस्त्रक्रिया झाली होती का, हे एका कागदावर लिहून सोबत ठेवा. स्वास्थ्य योजनेतून किंवा विम्यातून खर्च मिळणार असेल तर मंजुरीचा कागद निघण्याआधीच हातात घ्या.